कार्तिकस्वामीचं लग्न आणि आपला संसार

प्रश्न : मी मूळची पुण्याची. लग्नानंतर दिल्लीत आले, आता आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत राहतो. माझे यजमान तमिळ आहेत. सेक्टर ७ मधलं मलै मंदिर घरापासून जवळ आहे. सासूबाई दर षष्ठीला तिथे जातात आणि मलाही बरोबर नेतात. माझ्या आजीनं मात्र लहानपणीच बजावलं होतं की कार्तिकस्वामी ब्रह्मचारी, बायकांनी त्याचं दर्शन घ्यायचं नाही. सासूबाई सांगतात की याच देवाचं दोन देवींशी लग्न झालं आणि ते दरवर्षी थाटात लावतात. यातलं खरं काय मानायचं? देवाला दोन बायका असणं हे प्रेमाचं उदाहरण कसं होईल? आणि माझा खरा प्रश्न हा, की नवराबायकोचं प्रेम ही आपल्या धर्मात देवाकडे जाण्याची वाट मानली आहे का, की तो नुसता प्रपंच, जो सुटल्यावरच परमार्थ सुरू होतो?
– एक वाचक, आर. के. पुरम, नवी दिल्ली

उत्तर : तुमच्या पत्रातले प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. आजीचा कार्तिकस्वामी आणि सासूबाईंचा मुरुगन (त्याच देवाचं तमिळ नाव) यांचा उलगडा झाला की तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तरही हाती येतं. म्हणून एकेक प्रश्न क्रमानं घेतो.

कार्तिकस्वामी ब्रह्मचारी की विवाहित?

दोन्ही. आपल्याकडची कथा शिवपुराणातून आली. पृथ्वीप्रदक्षिणेची पैज लागली, कार्तिकेय मोरावरून निघाला, गणपतीनं आईवडिलांनाच प्रदक्षिणा घातली आणि पैज जिंकली. कार्तिकेय परतला तोवर धाकट्याचं लग्न होऊन गेलं होतं. तो रागावून क्रौंच पर्वतावर गेला आणि अविवाहित राहिला. महाराष्ट्रात हीच कथा रुजली. त्यातून बायकांनी दर्शन न घेण्याचा आणि अनेक ठिकाणी फक्त कार्तिकी पौर्णिमेच्या कृत्तिका योगावर दर्शनाला जाण्याचा आचार पडला. आजीनं तुम्हाला सांगितला तो हा आपल्या मुलखाचा आचार आहे. साऱ्या हिंदूंना लागू असलेली ती आज्ञा नाही.

दुसरी परंपराही तितकीच जुनी आहे. महाभारताच्या वनपर्वात इंद्र स्वतः देवसेनेचा हात स्कंदाच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, हाती देतो. तिथेच देवसेनेचं एक नाव षष्ठी असं सांगितलं आहे. बाळाच्या जन्मानंतर घरोघरी जिची पूजा होते ती षष्ठीदेवी हीच, आपली सटवाई. म्हणजे ज्या मराठी बायका कार्तिकस्वामीच्या गाभाऱ्यापासून दूर राहिल्या, त्याच त्याच्या पत्नीला बाळाच्या पाळण्याशी बसवून तिच्याकडे मुलाचं आयुष्य मागत आल्या.

तमिळ देशातही हा देव नेहमी जोडीनंच उभा असतो असं नाही. पळनीला तो हाती दंड घेतलेला, सगळं सोडून आलेला एकटा तरुण आहे. कुंभकोणमजवळच्या स्वामिमलैला तो गुरू आहे. बापाला, म्हणजे साक्षात शंकराला, त्यानं प्रणवाचा अर्थ सांगितला, म्हणून तो स्वामिनाथ. तुमच्या मलै मंदिराचा मुख्य देव हाच. ‘उत्तर स्वामिमलै’ म्हणून या मंदिराची १९७३ मध्ये प्रतिष्ठा झाली. राजधानीत नोकरीसाठी आलेल्या तमिळ कुटुंबांनी आपला डोंगरावरचा देव इथल्या टेकडीवर आणला. त्याच आवारात मीनाक्षी आणि सुंदरेश्वर यांचीही मंदिरं आहेत. म्हणजे एकाच टेकडीवर संन्यासी वृत्तीचा गुरू आहे, वल्ली-देवसेनेचा पतीही आहे आणि मदुरैचं ते जोडपंही आहे, ज्यांच्या लग्नाच्या दिवशी चैत्रात हजारो सुवासिनी आपल्या मंगळसूत्राचा दोरा नवा करतात. या परंपरेला वैराग्य आणि विवाह एका देवाच्या ठायी ठेवताना अडचण वाटली नाही.

दोन बायका असलेल्या देवाकडून प्रेमाबद्दल काय शिकायचं?

हा प्रश्न रास्त आहे. या कथांमधून कुणी दुसऱ्या बायकोची सोय काढू नये, आणि आजच्या कायद्यात व आजच्या नीतीत तिला जागाही नाही. पण या कथा सांगणाऱ्यांना प्रेमाच्या दोन तऱ्हा दाखवायच्या होत्या, आणि त्यांनी त्या दोन स्त्रियांच्या रूपानं दाखवल्या.

देवसेना ही इंद्राची कन्या. मुरुगननं शूरपद्म या असुराला मारल्यावर इंद्रानं ती कृतज्ञतेनं त्याला दिली. तिरुप्परंकुंड्रम इथे सगळ्या देवांसमोर, विधिपूर्वक हे लग्न झालं. वल्ली ही डोंगरातल्या शिकारी जमातीत वाढलेली मुलगी. धान्य पिकलं की शेतातल्या मचाणावर बसून गोफणीनं पाखरं हाकलणारी. तिच्याकडे मुरुगन वऱ्हाड घेऊन गेला नाही. आधी तरुण शिकारी होऊन गेला, तिच्या माणसांची चाहूल लागताच झाड होऊन उभा राहिला, मग म्हातारा होऊन आला आणि तिच्याकडे मध आणि पीठ मागून खाल्लं. तरीही ती वश होईना, तेव्हा त्यानं गणपतीला हाक मारली. तो हत्ती होऊन आला आणि घाबरलेली वल्ली म्हाताऱ्याला बिलगली. कांचीपुरमच्या कच्चियप्प शिवाचार्यांच्या कंदपुराणात ही कथा विस्तारानं येते.

प्राचीन तमिळ काव्यशास्त्रात प्रेमाच्या प्रत्येक अवस्थेला एक भूप्रदेश दिला आहे. प्रियकर-प्रेयसीच्या मीलनाचा प्रदेश म्हणजे डोंगर, आणि त्या डोंगराचा देव मुरुगन. लग्नाआधीचं चोरटं प्रेम आणि लग्नानंतरचं एकनिष्ठ सहजीवन अशा दोन अवस्थाही त्याच शास्त्रात वेगळ्या मांडल्या आहेत. वल्ली पहिलीची, देवसेना दुसरीची. पुढे शैव आचार्यांनी वल्लीला इच्छाशक्ती म्हटलं, देवसेनेला क्रियाशक्ती, आणि मुरुगनच्या हातातल्या भाल्याला ज्ञानशक्ती. वल्ली म्हणजे आपण निवडलेलं प्रेम, देवसेना म्हणजे आपल्या वाट्याला आलेलं कर्तव्य. कुठलंही लग्न या दोघींवाचून टिकत नाही. प्रेमविवाहातही वाट्याला आलेली माणसं आणि जबाबदाऱ्या असतात, आणि ठरवून झालेल्या लग्नातही एक दिवस जोडीदाराला मनानं निवडावंच लागतं.

आता तुमच्या माहेरच्या मुलखाकडे वळा. जेजुरीच्या खंडोबाला म्हाळसा आणि बाणाई आहेतच की! म्हाळसा नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक. तिचं खंडोबाशी रीतसर लग्न झालं, आणि ते पालीला दरवर्षी पौषात आजही लागतं. बाणाई धनगराची. लोककथा सांगते की म्हाळसेशी सारीपाट खेळताना खंडोबा हरला, पैजेप्रमाणे वनवासाला गेला, आणि बाणाईच्या बापाकडे मेंढरं राखणारा गडी होऊन राहिला. मल्हारी मार्तंड, ज्यानं मणि-मल्ल मारले, तो वाडग्यातलं शेण काढत राहिला, केवळ एका धनगरणीसाठी. रा. चिं. ढेरे आणि जर्मनीहून येऊन धनगरांच्या वाड्यांवर राहिलेले गुंथर सोंथायमर या दोघा अभ्यासकांनी खंडोबा आणि स्कंद-मुरुगन यांच्या या जवळिकीचा कसून मागोवा घेतला. खंडोबाची चंपाषष्ठी आणि मुरुगनची स्कंदषष्ठी ही तिथीसुद्धा दोघांना जोडते. तेव्हा सासूबाईंचा देव तुम्हाला परका नाही. जेजुरीच्या पायऱ्यांवर नवरा नव्या नवरीला उचलून घेतो, तेव्हा आपणही देवाचं दांपत्य साजरं करत असतो.

या दोन्ही कथांत एक गोष्ट समान आहे, आणि तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर मला तिच्यात दिसतं. प्रेमात पडल्यावर देव खाली उतरतो. मुरुगन सेनापतीपण टाकून भुकेला म्हातारा होतो. खंडोबा गडी होतो. पंढरपूरची कथा तर याहून स्पष्ट आहे. रुक्मिणी रुसून द्वारकेहून निघाली आणि दिंडीरवनात येऊन बसली, कृष्ण तिला शोधत आला, आणि त्या शोधातच पुंडलिकाच्या दारी पोहोचला. म्हणजे अठ्ठावीस युगं विटेवर उभं असलेलं आपलं दैवत महाराष्ट्रात मुळात आलं ते रुसलेल्या पत्नीची समजूत काढायला. आजही पंढरपुरात रुक्मिणीचं मंदिर विठ्ठलाच्या शेजारी, पण वेगळं आहे. तिचा रुसवा खोडून न काढता त्याला जागा देणारी ही परंपरा आहे.

शास्त्रं काय म्हणतात? शेवटी संसार सोडायचाच ना?

शास्त्रांत दोन प्रवाह आहेत आणि ते एकमेकांशी भांडतही आले आहेत.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडून निघतो आणि दोन बायकांमध्ये संपत्ती वाटू लागतो. मैत्रेयी विचारते, या धनानं मी अमर होईन का? नसेल तर ते घेऊन काय करू? तेव्हा तो तिला सांगतो की पती किंवा पत्नी आपल्याला प्रिय होते ती त्यांच्यातल्या आत्म्यामुळे, तोच ओळखायचा. हे वाक्य अनेकदा स्वार्थाचं समर्थन म्हणून वाचलं जातं. पण याज्ञवल्क्याला सांगायचं आहे ते उलट आहे : माणसावरच्या प्रेमाच्या मुळाशी जे आहे तेच ब्रह्म, म्हणून ते प्रेम खोटं नाही, अपुरं ओळखलेलं आहे. याच उपनिषदात आत्म्याशी एकरूप झालेल्या माणसाची अवस्था सांगताना प्रियेच्या मिठीत आतबाहेरचं भान हरपलेल्या पुरुषाचा दृष्टांत येतो. ज्या ऋषींना स्त्री-पुरुषांचं प्रेम केवळ बंधन वाटलं असतं, त्यांनी सर्वोच्च अनुभवासाठी हा दृष्टांत घेतला नसता. तरीही याज्ञवल्क्य शेवटी निघून जातो. सोडण्याचा प्रवाह तिथे आहेच.

आपल्या मराठी मातीत मात्र याचं वेगळं उत्तर घडलं. आळंदीच्या रुक्मिणीबाईंचे पती विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यासी झाले. पुढे त्यांचे गुरू यात्रेत आळंदीला आले. वाकून नमस्कार करणाऱ्या रुक्मिणीबाईंना त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला आणि मग खरी हकिगत त्यांना कळली. ते काशीला परतले आणि विठ्ठलपंतांना म्हणाले, घरी जा. गुरूच्याच आज्ञेनं संन्याशी परत गृहस्थ झाला. त्यातून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार भावंडं जन्मली. समाजानं त्या जोडप्याला वाळीत टाकलं. मुलांच्या मुंजीसाठी त्यांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं असं परंपरा सांगते. एका पत्नीचा हक्क मोक्षाच्या आड येत नाही, हे ज्या गुरूनं ओळखलं, त्याच्या एका आज्ञेवर वारकरी पंथाचा पाया उभा आहे. ती आज्ञा पाळण्याची किंमत त्या दोघांनी प्राणांनी चुकवली, हेही विसरता येत नाही.

त्यांच्या मुलानं पुढे काय लिहिलं ते पाहा. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून झाल्यावर ज्ञानदेवांनी अमृतानुभव रचला. त्याचं पहिलं प्रकरण शिव-शक्तीच्या दांपत्याविषयी आहे. विश्वाचं मूळ सांगताना त्यांनी जोडपं निवडलं, आणि तेही असं जोडपं की ज्यात कोण कुणामुळे आहे हे सांगता येत नाही. दोन डोळ्यांनी दृष्टी एकच मिळावी, तसं दोघांचं असणं एकच. ती नसेल तर शिवाला शिवपण नाही, तो नसेल तर तिला आधार नाही, आणि एकानं दुसऱ्याला गिळून टाकावं असंही तिथे घडत नाही. समाजानं ज्याच्या आईबापांचं दांपत्य पाप ठरवलं, त्या मुलानं दांपत्यालाच परतत्त्वाचं रूप दिलं. मराठीत या विषयावर याहून मोठं काही लिहिलं गेलं असेल असं मला वाटत नाही.

पैठणच्या एकनाथांची गोष्टही याच वाटेची. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे शिक्षण झाल्यावर गुरूंनीच त्यांना गृहस्थ व्हायला सांगितलं. गिरिजाबाईंशी त्यांचा संसार झाला. श्राद्धासाठी केलेला स्वयंपाक त्यांनी दारात आलेल्या भुकेल्या अस्पृश्य कुटुंबांना वाढला, ही प्रसिद्ध कथा नाथांच्या नावावर सांगितली जाते. पण ते अन्न रांधलेलं गिरिजाबाईंचं होतं, आणि ब्राह्मणांसाठी दुसऱ्यांदा चूल पेटवणाऱ्याही त्याच. नाथांचं अद्वैत त्यांच्या ग्रंथात जितकं आहे तितकंच त्या स्वयंपाकघरात होतं. याच नाथांनी काशीत बसून रुक्मिणीस्वयंवर रचलं. त्यात लग्नाचा सोहळा रंगतो आणि त्याच वेळी जीव-शिवाची गाठ पडते. लग्न जमावं म्हणून आपल्याकडे मुली आजही त्याचं पारायण करतात.

मग ‘पती हाच परमेश्वर’ ते काय? त्यात बायकोनंच झिजायचं ना?

हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो पत्राच्या आतून ऐकू येतो, आणि तो टाळून पुढे गेलो तर उत्तर अर्धवट राहील.

संसार हा परमार्थ आहे असं सांगून बाईला गप्प बसवण्याचं काम आपल्याकडे शतकानुशतकं झालं. त्याची सर्वांत प्रामाणिक साक्षीदार संत बहिणाबाई आहे, १६२८ ते १७०० या काळातली, तुकारामांची शिष्या. अगदी लहान वयात तिचं वयानं खूप मोठ्या बिजवराशी लग्न झालं. स्वप्नात तुकारामांकडून दीक्षा मिळाली असं ती सांगू लागली, तेव्हा शूद्र गुरू केला म्हणून नवऱ्यानं तिला मारहाण केली. बहिणाबाईनं आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत हे लपवलं नाही. तिनं पतिव्रताधर्मही लिहिला आणि अंगावरचे वळही लिहिले. पुढे तो आजारी पडला, मनातून खचला, बदलला आणि तिच्याबरोबर देहूला आला. पण तो बदलला म्हणून आधीची मारहाण साधना ठरत नाही. तिचा परमार्थ त्या मारामुळे घडलेला नाही, मार सोसावा लागत असूनही तिनं तो घडवला.

आता वरच्या देवकथा पुन्हा पाहा. त्यांत खाली कोण उतरतं? ज्याच्याकडे सत्ता आहे तो. सेनापती, राजा, मल्हारी, द्वारकाधीश. पोथीच्या उपदेशानं पत्नीला सांगितलं की नवऱ्याला देव मान. पण लोकांनी पिढ्यान् पिढ्या गायलेल्या कथांनी देवालाच सांगितलं की गडी हो, शोधत जा, समजूत काढ. भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन जाणाऱ्या तुकारामांच्या जिजाईच्या पायात काटा मोडला, तेव्हा ती ज्या विठोबाला रोज शिव्या घालत होती, तोच येऊन तिचा पाय मांडीवर घेऊन काटा काढतो, असं देहूचे लोक सांगतात. तुकारामांची भक्ती मोठी होतीच. पण त्या घराचा खरा भार कुणाच्या पायावर पडला होता, हे देवानं ओळखलं, असा त्या कथेचा रोख आहे.

म्हणून माझं मत ठामपणे सांगतो. प्रेमाची तीव्रता हे साधनेचं माप नाही, आणि सोसणं हेही नाही. ज्याच्या हाती त्या घटकेला जोर आहे, पैशाचा, रागाचा, नातेवाइकांचा, शब्दांचा, तो आपला जोर बाजूला ठेवून खाली येतो का, हे माप आहे. दोघं आळीपाळीनं उतरत असतील तर तो संसार देवाकडे जाणारी वाट आहे. एकानंच कायम वाकायचं असेल, तर त्याला सेवा, व्रत, पातिव्रत्य, काहीही नाव दिलं तरी ती वाट नव्हे. आणि जिथे हात उगारला जातो तिथून बाहेर पडणं हा अधर्म नाही.

लग्नात राहूनही विरक्त राहिलेल्यांचं काय?

याचं उत्तर तुमच्या वसाहतीच्या नावात आहे. आर. के. पुरम म्हणजे रामकृष्णपुरम. ज्या रामकृष्ण परमहंसांच्या नावानं तुमचा पत्ता लिहिला जातो, ते संन्यस्त वृत्तीचे होते आणि विवाहितही होते. १८५९ मध्ये शारदामणींशी त्यांचं लग्न झालं तेव्हा ती पाच वर्षांची होती. त्या काळाची ती रूढी होती, आज तिचं समर्थन कुणी करणार नाही. पुढे तरुण शारदादेवी स्वतःहून दक्षिणेश्वरला आल्या. रामकृष्णांनी विचारलं, तू मला संसारात ओढायला आलीस का? त्या म्हणाल्या, नाही, तुमच्या वाटेवर साथ द्यायला आले. आणि मग १८७२ च्या सुमारास, फलहारिणी कालीपूजेच्या रात्री, रामकृष्णांनी देवीसाठी मांडलेल्या आसनावर पत्नीला बसवलं, तिची षोडशी म्हणून पूजा केली, आणि आपल्या जपमाळेसह साऱ्या साधनेचं फळ तिच्या पायाशी ठेवलं. वल्लीच्या शेतात शिरलेला मुरुगन आणि पत्नीपुढे नमस्कार घालणारे रामकृष्ण यांची वाट बाहेरून अगदी निराळी दिसते. एकात शृंगार आहे, दुसऱ्यात ब्रह्मचर्य. पण खाली उतरणं दोन्हीकडे तेच. शारीरिक जवळीक असणं किंवा नसणं यावर हा मार्ग ठरत नाही. कुणी रामकृष्णांचं उदाहरण देऊन जोडीदारावर एकतर्फी ब्रह्मचर्य लादू नये. शारदादेवींना विचारलं गेलं होतं, आणि उत्तर त्यांनी स्वतः दिलं होतं.

आम्ही दोघांनी रोजच्या जगण्यात काय करावं?

तुम्ही हे शब्दांत विचारलं नाही, पण पत्र लिहिताना मनात असणार. म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली, मैत्री. सप्तपदीत अन्न, बळ, संपत्ती, सुख, संतती अशी मागणी करत वधूवर पावलं टाकतात, आणि सातवं पाऊल सख्याचं असतं. भक्तीच्या नऊ प्रकारांतही सख्य आठवं आहे, आत्मनिवेदनाच्या अगदी आधीचं. लग्न जिथे पोहोचायचं म्हणतं, तिथून भक्तीला शेवटचं एकच पाऊल उरतं. म्हणून नवऱ्याला देव किंवा बायकोला देवी करण्याआधी एकमेकांचे सखे व्हा. सख्याशी खरं बोलता येतं, आणि त्याच्या चुकीवर बोटही ठेवता येतं.

दुसरी, तप. वेरूळच्या २१ क्रमांकाच्या लेण्यात पार्वतीची तपश्चर्या, तिचं लग्न आणि शिव-पार्वतीचा सारीपाट हे तिन्ही प्रसंग कोरलेले आहेत, आणि त्याच लेण्यात कार्तिकेयही आहे. सुट्टीत औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, गेलात तर दोघांनी मिळून ते पाहा. प्रेमासाठी केलेलं तप आणि लग्नानंतर खेळलेला डाव, ज्यात रुसवाही आहे, हे कोरणाऱ्याला सारख्याच मोलाचं वाटलं. एखाद्या भांडणाच्या दिवशी बोलणं न तोडणं, चूक आपली असेल तर ती आधी मान्य करणं, जोडीदाराच्या आईच्या आजारपणात रात्र जागवणं, हे गृहस्थाचं तप आहे. त्याला उपासाइतकंच मोल द्या.

तिसरी, एकमेकांचा देव. तुमच्या घरात मुरुगन आणि खंडोबा दोघेही आहेत. सासूबाईंबरोबर तुम्ही टेकडी चढता, तसं यजमानांना चंपाषष्ठीला तळी भरायला घ्या. जोडीदार देव मानणारा नसला तरी बिघडत नाही. जिजाईनं विठोबाला कधी गोड शब्द दिला नाही, तरी वारकरी तिच्याविषयी प्रेमानंच बोलतात. श्रद्धा सारखी असण्यापेक्षा एकमेकांच्या श्रद्धेला घरात मोकळी जागा असणं महत्त्वाचं. पंढरपुरात तर दोन मंदिरं आहेत.

चौथी, दार. दोघांचं प्रेम दोघांतच फिरत राहिलं तर ते गोड असलं तरी लहान राहतं. नाथ-गिरिजाबाईंच्या घराचं दार उघडं होतं, म्हणून त्यांचा संसार परमार्थ झाला. तुमच्या घरी कामाला येणारी बाई, शेजारचे एकटे राहणारे निवृत्त गृहस्थ, गावाकडून परीक्षेला आलेलं नात्यातलं पोर यांना तुमच्या जोडीमुळे थोडा आधार मिळतो का, हे अधूनमधून तपासत जा.

नवराबायकोचं प्रेम ही देवाकडे जाणारी वाट आहे का, हा तुमचा प्रश्न होता. हो, आहे. ती संन्यासाच्या वाटेहून सोपी नाही आणि कमी प्रतीचीही नाही. फक्त ती दोघांनी चालायची आहे, आणि आज खाली उतरण्याची पाळी कुणाची, हे रोज नव्यानं ठरवायचं आहे. आजीला फोन करून सांगा की कार्तिकस्वामीचं दर्शन तुम्ही घेता, आणि सटवाई त्याचीच पत्नी आहे. हे त्यांना ऐकायला आवडेल असं मला मनापासून वाटतं.